टेलेक्सच्या काळातली सोयरीक

लहानपणी नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला बसून ट्रक मोजणं हा आम्हा पोरांचा खेळ होता. बहुतेक ट्रकांच्या तोंडावर गोलात बसवलेली तीन टोकांची चांदणी असायची. ड्रायव्हर-क्लीनर त्या गाडीला नुसतं ‘बेंझ’ म्हणत. गाडी जमशेदपूरला टेल्कोत तयार होते आणि चांदणी मात्र जर्मनीची आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. १९५४ मध्ये टेल्कोने डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला होता. १९६९ मध्ये तो संपला, नव्या गाड्यांवरची चांदणी गेली आणि तिथे टाटांचा ‘टी’ आला. वडिलांची गुळाची पेढी होती, ट्रकांशी रोजचा संबंध. ते म्हणाले, “चांदणी गेली, आता गाडी टिकते का बघू.” त्यांच्या मालाच्या गाड्या पुढे वर्षानुवर्षं ‘टी’च्याच होत्या आणि तक्रार त्यांनी कधी केली नाही.

डिप्लोमा करून १९७४ मध्ये मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागलो, तेव्हा तिथे एक शब्द सगळ्यांच्या तोंडी होता: कोलॅबोरेशन. आकुर्डीत बजाजने इटलीच्या पियाजिओशी करार करून १९६१ पासून व्हेस्पा बनवायला घेतली होती. बजाज टेम्पोच्या नावातला ‘टेम्पो’ जर्मनीहून आला होता. कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्करांनी अमेरिकेतल्या कमिन्सबरोबर डिझेल इंजिनांची कंपनी काढली होती. त्याआधी १९५४ मध्ये पिंपरीचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, म्हणजे आपलं एचए, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला होता. खडकीपासून निगडीपर्यंत ज्याला त्याला कुठला ना कुठला परदेशी भागीदार. लग्नाच्या बोलणीत “मुलगा कोलॅबोरेशनच्या कंपनीत आहे” हे वाक्य दोन तोळे सोन्याचं काम करायचं.

आमचं कोलॅबोरेशन एका जर्मन कंपनीशी होतं. आम्ही गिअर आणि शाफ्ट बनवायचो. करार दहा वर्षांचा. त्यात तिकडून ड्रॉइंगं येणार, पद्धती येणार, आमची चार माणसं तिकडे जाऊन शिकणार, आणि आम्ही त्याबद्दल ठरलेली फी आणि विक्रीवर रॉयल्टी देणार. हे दोघांनी ठरवून भागायचं नाही. दिल्लीची मंजुरी लागायची, परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची, आणि पहिल्या वर्षी किती टक्के माल आयात, दुसऱ्या वर्षी किती, पाचव्या वर्षी किती, असा उतरता तक्ता सरकारला लिहून द्यावा लागायचा. १९७३ च्या फेरा कायद्यानंतर तर परदेशी कंपनीचा वाटा साधारणपणे चाळीस टक्क्यांवर ठेवण्याचं बंधन आलं. आयबीएम आणि कोका-कोला त्यापायी देश सोडून गेले तेव्हा आमच्या कँटीनमध्ये दोन दिवस तोच विषय होता.

ड्रॉइंगं यायची ती पत्र्याच्या लांब नळ्यांतून. कस्टममधून सुटून नळी टेबलावर आली की आमचे सेक्शन हेड हात धुऊन यायचे आणि मग झाकण काढायचे. आतून सेपिया निघायचा, तपकिरी, किंचित तेलकट, गुंडाळून गुंडाळून उलट्या बाजूला वळायची सवय लागलेला. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवून तो सपाट करायचा. रेघा इतक्या स्वच्छ की डोळ्यांना बरं वाटायचं. त्यावर जर्मनमध्ये सूचना असत आणि त्यांच्या शेजारी आम्ही पेन्सिलीने मराठी-इंग्रजी मिसळून अर्थ लिहायचो. ‘आइनझात्सगेहेर्टेट’ म्हणजे केस हार्डन. ‘एन्टग्राटेट’ म्हणजे बर काढणे. मॅक्स म्युलर भवनात संध्याकाळचे वर्ग लावून मी जर्मन शिकलो ते गटे वाचायला नव्हे, हे शब्द कळावेत म्हणून. मग सेपियावरून अमोनिया प्रिंट काढायच्या. त्या खोलीत गेलं की नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. आज इतक्या वर्षांनी कुठे तो उग्र वास आला तर मला पंचविशीचा झाल्यासारखं वाटतं.

तिकडे काही विचारायचं तर विमानाच्या टपालाने पत्र, म्हणजे जायला आठ-दहा दिवस आणि यायला तेवढेच. घाई असेल तर टेलेक्स. आमचे टेलेक्स ऑपरेटर आधी मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून तयार ठेवत. लाइन लागली की तिकडचं मशीन स्वतःचा संकेत उमटवायचं, तो बघून मग पट्टी सोडायची. पैसे वेळेवर लागत, त्यामुळे एकेक शब्द तोलून लिहायचा. माझ्या पहिल्या टेलेक्सचा मसुदा पानभर होता. साहेबांनी तो चार ओळींचा केला आणि परत देताना म्हणाले, “आपल्याला काय माहीत नाही ते आधी नक्की कर, मग विचार.” ते वाक्य मला नोकरीभर पुरलं. प्रश्न तिकडे पोचायच्या आत त्याचं निम्मं उत्तर इथेच सापडलेलं असायचं, कारण तो नीट मांडण्यासाठी चार जणांना भेटावं लागायचं, जुन्या फाइली काढाव्या लागायच्या, शॉपमध्ये जाऊन हात काळे करावे लागायचे.

एक प्रसंग सांगतो, कारण आघाडी, भागीदारी या शब्दांचा अर्थ मला त्यात कळला.

ड्रॉइंगवर पोलाद लिहिलेलं होतं १६एमएनसीआर५. जर्मन मानकातलं, मँगनीज-क्रोमियमचं. ते सुरुवातीला आयात होत होतं. तक्त्याप्रमाणे तिसऱ्या वर्षी आयात कमी करायची होती आणि इथल्या बाजारात सहज मिळत होतं ते ईएन ३५३, इंग्रजी पद्धतीचं, ज्यात निकेल असतं. कागदावर दोन्ही केस हार्डनिंगचीच पोलादं. तिकडे विचारलं. उत्तर आलं की मूळ पोलादच वापरा. आम्ही परवाना मागितला, तो लवकर मिळेना. शेवटी एक छोटा लॉट ईएन ३५३ मध्ये काढला. भट्टीतून काढून तेलात बुडवल्यावर चकतीसारखे मोठे गिअर वाटीसारखे वाकले. डायल लावला की काटा नाचायचा. लॉटच्या लॉट बाद.

आमच्या हीट ट्रीटमेंटला एक फोरमन होते. सातवी शिकलेले, मूळचे साताऱ्याकडचे, शॉपमध्ये सगळे त्यांना तात्या म्हणत. ते तीन दिवस काही बोलले नाहीत. प्रत्येक पाळीला तेलाच्या टाकीपाशी उभे राहायचे. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “हे बघा, आडवा टाकला की खालच्या अंगाला तेल आधी लागतं. वरचं अंग मागं राहतं. भाकरी एका अंगानं आधी भाजली की कशी वळते, तसं होतंय. उभे टांगून बघू.” त्यांनी सळईच्या फिक्स्चरची रचना खडूने फरशीवर काढून दाखवली. मधल्या भोकातून सळई, दोन गिअरांत बोटभर अंतर, आणि तेल जरा कोमट. मी ते मोजमापांसह कागदावर उतरवलं. पुढच्या लॉटमधले जवळजवळ सगळे गिअर मापात बसले.

मग ते सगळं जर्मनीला लिहून पाठवलं. वाकण्याची मापं, फोटो, फिक्स्चरचं ड्रॉइंग, कापून तपासलेल्या दातांचे कडकपणाचे आकडे. दोन महिने काही नाही. आम्हाला वाटलं, रागावले. नंतर नेहमीसारखी एक नळी आली. झाकण काढलं, सेपिया पसरला. तोच गिअर. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत रिव्हिजनचं अक्षर बदललं होतं आणि खाली नवी ओळ होती: पर्यायी पोलाद ईएन ३५३, बुडवताना उभे टांगावे. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि तात्यांना वर ड्रॉइंग ऑफिसात बोलावून घेतलं. तात्या आयुष्यात पहिल्यांदाच त्या मजल्यावर आले होते. दारात चपला काढायला लागले. साहेबांनी तसं करू दिलं नाही. त्यांचा हात धरून टेबलापाशी आणलं आणि त्या ओळीवर त्यांचं बोट ठेवलं.

पुढच्या वर्षी तिकडचे एक इंजिनिअर सहा महिन्यांसाठी इथे राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की तेलाच्या टाकीपाशी उभा राहणारा माणूस कोणता. ते आणि तात्या एकमेकांची भाषा न येता तासन्‌तास बोलायचे. दुभाष्या म्हणून मी मध्ये असायचो, पण खरं तर माझी गरज नसायची. त्या वर्षी दिवाळीला ते तात्यांच्या घरी काळभोरनगरला फराळाला गेले. बायको-मुलांसह परत जाताना त्यांनी आपलं मायक्रोमीटर तात्यांना दिलं. दोन कंपन्यांच्या संचालकांमध्ये त्या काळात रॉयल्टीवरून चांगलीच ताणाताणी चालली होती, आम्हाला कानावर यायचं. ती निवळली, आणि माझी खात्री आहे की खालच्या मजल्यावर हे असं मैत्र असल्यामुळेच निवळली.

करार आज ना उद्या संपणार आहे हे जुन्या माणसांच्या मनात पहिल्या दिवसापासून असायचं. म्हणून शिकून घ्यायची घाई असायची. बजाजचा पियाजिओशी करार १९७१ मध्ये संपला, तो वाढला नाही, आणि १९७२ मध्ये चेतक आली. दहा वर्षांत हात तयार झाला नसता तर चेतक कुठून येणार होती? कोलॅबोरेशनमध्ये आपण लहान होतो, हे खरं आहे. तिकडचा माणूस ‘एक्स्पर्ट’ आणि इकडचा ‘ट्रेनी’, हे कागदावरच लिहिलेलं असायचं. जर्मनीला शिकायला गेलेल्या आमच्या माणसांना रोजचा भत्ता इतका तुटपुंजा मिळायचा की ते सोबत नेलेल्या मेतकूट-भातावर दिवस काढत. त्यांनी ते हालही अभिमानाने सांगितले, पण मला आठवलं की अजून वाईट वाटतं.

१९९१ च्या जुलैत चित्र बदललं. ठरावीक उद्योगांत परदेशी कंपनीला एक्कावन्न टक्क्यांपर्यंत मालकीची वाट सरळ मोकळी झाली. शिकवणारा पाहुणा आता घरातच राहायला येणार, हे आम्हाला कळेपर्यंत तो आलाही होता. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ पुन्हा टेल्कोकडेच आली, यावेळी पुण्यात, मोटारी घेऊन आणि भागीदार म्हणून. काही वर्षांत ती कंपनी पूर्णपणे जर्मनांची झाली. किर्लोस्कर कमिन्समधून किर्लोस्कर नाव नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गेलं. १९९८ मध्ये कायनेटिक आणि होंडा वेगळे झाले. बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी ती स्कूटर माझ्या बायकोची पहिली गाडी, त्यामुळे आमच्या घरात ती बातमी कुणाचा तरी घटस्फोट झाल्यासारखी वाचली गेली. इथल्या भागीदाराला बाजूला सारून परदेशी कंपनी त्याच धंद्यात दुसरी चूल मांडते, अशी तक्रार वाढली, तेव्हा सरकारने १९९८ च्या शेवटी नियम केला की नवी चूल मांडायची तर जुन्या भागीदाराची हरकत नसावी. तो नियम आधी सैल झाला आणि २०११ मध्ये गेला. गेला ते बरंच झालं, असं माझं मत आहे. भागीदार सरकारी नियमाने धरून ठेवता येत नाही. होतं एवढंच की दोघांनाही उबग येतो.

माझी पुतणी हिंजवडीत अशाच एका मोठ्या भागीदारीत काम करते. तिची डिझाइन टीम पुण्यात, दुसरी टीम युरोपात, सुटे भाग बनवणारा तिसऱ्याच देशात. संध्याकाळी सात वाजता तिचा कॉल असतो. मी तिच्याकडे राहायला गेलो की मागे खुर्ची टाकून बसतो. पडद्यावर एकाच गिअरबॉक्सचं त्रिमिती मॉडेल असतं. तिकडच्या बाईने एक कडा वळवली की इथे तत्क्षणी वळलेली दिसते. मला ते पाहून भरून येतं. आम्ही ज्या बदलासाठी दोन महिने नळीची वाट पाहिली तो इथे डोळ्यांदेखत होतो. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी: पुतणी त्यांना सरळ “हे चालणार नाही, कारण असं” असं म्हणते आणि ते ऐकून घेतात. आमच्या साहेबांना अशी दोन वाक्यं लिहायला दोन दिवस लागायचे.

पण तिच्या करारांची भाषा ऐकून मी अस्वस्थ होतो. त्यात एक स्टीअरिंग कमिटी असते, कोणती माहिती कुणाला दाखवायची याच्या भिंती असतात, आणि सुरुवातीलाच वेगळं कसं व्हायचं याची पानंच्या पानं असतात. ती म्हणते, “काका, ते लिहिलेलं नसलं तर भांडण कोर्टात जातं.” तिचं बरोबर आहे. फोक्सवॅगन आणि सुझुकी २००९ मध्ये एकत्र आले, दोन वर्षांत बिनसलं, आणि निवाडा व्हायला २०१५ उजाडलं. लिहिलेलं असावंच. मला खुपतं ते निराळं. गेल्या चार वर्षांत तिच्या समोरचा युरोपातला माणूस तीनदा बदलला. प्रत्येकाला तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्रत्येकाशी तिची ओळख पडद्यावरची. कुणी इथे सहा महिने राहिलं नाही, कुणाला इथल्या शॉपमधला तेलाजवळचा माणूस माहीत नाही. आमच्याकडे वेळ होता म्हणून ते जमलं, असं नव्हे. आमच्या साहेबांनी त्यासाठी दिल्लीपर्यंत खेटे घातले होते, पाहुण्याच्या राहण्याच्या परवानगीसाठी, त्याच्या मुलांच्या शाळेसाठी. माणूस इथे राहावा हे त्यांना ड्रॉइंगाइतकंच महत्त्वाचं वाटत होतं.

आजच्या भागीदाऱ्यांतही टिकलेल्या आहेतच, आणि त्या पाहिल्या की मला उमेद वाटते. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. माटिगहोफेन या छोट्या गावच्या कंपनीच्या लहान इंजिनांच्या मोटरसायकली चाकणला तयार होऊ लागल्या आणि तिथून जगभर गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. २०२५ मध्ये बजाजने ऐंशी कोटी युरोंची सोय केली आणि कंपनीचं नियंत्रण पुण्याकडे आलं. ज्या आकुर्डीने इटलीकडून स्कूटरचा परवाना मागून घेतला होता, तिने युरोपातली कंपनी सावरावी! पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. तात्या हवे होते, असं वाटलं. ट्रायम्फबरोबर तर बजाजने एकमेकांचे शेअर न घेताच हात मिळवला आणि २०२३ मध्ये चाकणची चारशे सीसीची गाडी इंग्लंडच्या नावाने बाहेर पडली. आणि व्हेस्पा? पियाजिओ स्वतःच बारामतीला आली, आधी तीनचाकी घेऊन, आणि २०१२ पासून व्हेस्पा तिथे बनू लागली. आकुर्डीहून निघालेली ती स्कूटर चाळीस वर्षांनी त्याच पुणे जिल्ह्यात परत आली, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर मी ओढूनताणून जुळवलंय म्हटलं असतं.

परवाच्या जानेवारीत पुतणीच्या कंपनीने घरच्यांना प्लांट दाखवण्याचा दिवस ठेवला होता. चाकणच्या बाहेर, काचेच्या इमारती, पांढरी फरशी, रोबोंच्या पिवळ्या भुजा. मी तिला म्हटलं, मला हीट ट्रीटमेंट दाखव. तिला ती कुठे आहे हे दोघांना विचारावं लागलं. शेवटच्या शेडमध्ये, कुंपणाजवळ. आत गेलो तर भट्टी बंदिस्त होती, तेलही बंद टाकीत, धूर नाही, वास मात्र थोडासा होता, तोच. तिथल्या पोराने, असेल पंचविशीचा, नांदेडकडचा, मला पडद्यावर तापमानाचे आलेख दाखवले. मी त्याला म्हटलं, ते राहू दे, मोठे गिअर आत कसे लावता तेवढं दाखव.

त्याने शेजारी भरून ठेवलेली ट्रॉली ओढून आणली. सळईवर ओळीने गिअर उभे टांगलेले होते. मी दोन गिअरांच्या मधल्या फटीत बोट घालून पाहिलं. बरोबर बसलं. “असं कुणी ठरवलं?” मी विचारलं. तो म्हणाला, “ड्रॉइंगवरच आहे, काका. जर्मनीहून आलंय.”